लॅडल छत्तीस सेंटीमीटर भरायचा की साडेअडतीस?

शिरोली एमआयडीसीत माझ्या मामांची फाउंड्री आहे, ग्रे आयर्नची कास्टिंग्ज, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतलेले भाग, करतात. कोटेशनं, ग्राहकांच्या मेल, रोजचे हिशोब यांत त्यांना मदत व्हावी म्हणून मी गेल्या पावसाळ्यात एक एआय एजंट तयार करायला घेतला. मेल वाचून मुद्दे काढणं त्याला पहिल्याच आठवड्यात जमलं. अडलं ते आकड्यांपाशी.

भट्टीवरच्या तात्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं : लॅडल (वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं भांडं) आतून ६० सेंमी उंच, तोंडाचा व्यास ६०, तळाचा ५०. ६०० किलो लोखंड हवं तर किती उंचीपर्यंत भरायचा? पूर्ण भरला तर त्यात साधारण १००० किलो मावतं. एजंटनं सरळ त्रैराशिक मांडलं आणि उत्तर दिलं, ३६ सेंमी. तात्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "पोरी, लॅडल खाली निमुळता हाय. छत्तीसला सहाशे व्हणार न्हाई."

तात्यांचंच खरं होतं. द्रव लोखंडाची घनता घनसेंमीला ७ ग्रॅम धरली, तर ३६ सेंमीला जेमतेम ५५६ किलो भरतं. ओतता ओतता चाळीसेक किलो कमी पडलं, की साचा अर्धवट भरतो आणि अख्खं कास्टिंग पुन्हा भट्टीत. बरोबर उत्तर आहे ३८.५ सेंमी.

मी एजंटला शंकुच्छेदाची, म्हणजे टोक कापलेल्या शंकूच्या सूत्राची, आठवण करून दिली. या वेळी मांडणी अचूक केली, पण घनमूळ काढताना दशांशात घसरला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन वेगळी कामं मी एकाच्याच गळ्यात घातली होती. एजंटच्या आत असतं ते भाषेचं मॉडेल पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत लिहितं आणि आकडेही तसेच लिहितं. सूत्र मांडणं त्याचं काम, सोडवणं दुसऱ्या कुणाचं तरी. म्हणून त्याला गणिताचं टूल द्यायचं ठरवलं.

टूल देणं म्हणजे टूलचं नाव, ते काय करतं याचं वर्णन आणि त्याला काय पुरवायचं हे मॉडेलला सांगून ठेवणं. मॉडेल स्वतः काही चालवत नाही. 'ही राशी (आकडे आणि चिन्हांची मांडणी) सोडवून द्या' एवढंच लिहितं, माझा प्रोग्रॅम ती सोडवतो आणि उत्तर त्याच्या हाती ठेवतो.

पहिल्या दिवशी मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं इव्हॅल वापरलं, म्हणजे दिलेली ओळ जशीच्या तशी चालवणारं फंक्शन. एका ओळीत काम झालं. मॉडेलनं २५^३ लिहिलं, टूलनं उत्तर दिलं २६. खरं उत्तर १५६२५. पायथनमध्ये ते चिन्ह घाताचं नाही, बिटांच्या एक्सॉरचं (दोन आकड्यांचे बिट ताडून पाहणाऱ्या क्रियेचं) आहे, घातासाठी ** लागतं. याहून वाईट हे की मॉडेलनं २६ निमूट स्वीकारून पुढचा हिशोब केला. टूलच्या उत्तरावर ते सहसा शंका घेत नाही, त्यामुळे चुकीचं टूल हे टूल नसण्यापेक्षा घातक.

मग एकेक निघत गेलं. पॅटर्नला (ज्यावरून साचा बनतो त्या नमुन्याला) १५० मिमी उंचीवर २ अंशांचा ड्राफ्ट, म्हणजे बाजूंना उतार, द्यायचा तर बाजू सव्वापाच मिमी कलते. टूलनं उणे ३२८ दिलं, कारण त्यानं २ हे अंश नव्हे, रेडियन (कोनाचं दुसरं एकक) धरले. आता अंशांची फंक्शनं वेगळ्या नावानं ठेवली आहेत. १,२५,००० रुपये लिहिले तर पायथनला ते तीन आकडे वाटतात : १, २५ आणि ०. तात्या देवनागरीत '६००' लिहितात, मॉडेल तसंच राशीत उतरवतं आणि सगळं अडतं. हे अंक टूल आता आधी बदलून घेतं. स्वल्पविरामाचं मात्र आपण होऊन काही करत नाही, कारण फंक्शनच्या कंसातही तोच लागतो. 'आकड्यात स्वल्पविराम नको, १२५००० असं लिहा' एवढा स्पष्ट निरोप परत जातो आणि मॉडेल पुढच्या खेपेला नीट लिहितं. चूक सांगणारा निरोप किती नेमका लिहिता, यावर निम्मं यश आहे असं माझं ठाम मत झालंय.

सर्वांत जास्त दिवस गेले सुरक्षिततेत. इव्हॅलला गणित आणि हुकूम यांतला फरक कळत नाही. मी स्वतः राशीच्या जागी फायलींची यादी मागणारी ओळ घालून पाहिली, तर ऑफिसच्या संगणकातली यादी समोर आली. आमचा एजंट बाहेरून आलेल्या मेल वाचतो, त्यात कुणी असलं काही लपवून धाडलं तर? मी इव्हॅल त्याच दिवशी काढलं. आता राशीची आधी फोड होते. आकडे, ठरावीक क्रिया आणि यादीतली फंक्शनं एवढंच पुढे जातं, बाकी सगळं नाकारलं जातं. ९**९**९ लिहिलं तर त्याच्या उत्तरात ३६ कोटींहून जास्त अंक असतात आणि यंत्र गुदमरतं. म्हणून घातांकाला मर्यादा घातली आणि हिशोब वेगळ्या प्रोसेसमध्ये, दोन सेकंदांच्या मुदतीत ठेवला. लॅडलसारख्या प्रश्नांसाठी समीकरण आणि अज्ञाताची मर्यादा दिली की मूळ शोधून देणारं फंक्शनही जोडलं.

तरी एजंट अधूनमधून टूल न वापरताच उत्तर ठोकून द्यायचा. सूचना लिहून फारसा फरक पडला नाही. शेवटी तपासणीच बसवली : उत्तरातला प्रत्येक आकडा एकतर विचारणाऱ्याच्या संदेशात हवा, नाहीतर टूलच्या निकालात. नसेल तर उत्तर परत. शिवाय प्रत्येक उत्तराखाली वापरलेली मापं आणि घनता छापली जाते. हे मामांनी सुचवलं. "अगं, आकडा कुठनं आला हे दिसल्याशिवाय तात्या लोखंड ओतणार नाहीत."

परवा लॅडलचं अस्तर नव्यानं केलं. संध्याकाळी तात्यांचा संदेश आला : "अस्तर जाड झालंय. आतली मापं पुन्हा घेतलीत, फोटो धाडतो. आता सहाशेला किती?"