भीमेच्या निगेटिव्ह

1986 साली जुना याशिका कॅमेरा विकत घेतला आणि पहिला रोल भीमेवरच संपवला. तेव्हापासून ही नदी सुटली नाही. कधी पंढरपूरचं वाळवंट, कधी हत्तरसंग कुडल. तिथे सीना भीमेला मिळते आणि संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा मराठी लेख आहे. उजनीतून पाणी सोडलं असं कानावर आलं की मी सोलापूर स्टँडवर.

गेल्या पावसाळ्यात निगेटिव्हची लोखंडी पेटी उघडली आणि कुबट वास आला. पट्टी उजेडासमोर धरली तर नदीभर जाळंच जाळं. बुरशी! घाबरून दहा पट्ट्या एका लॅबमध्ये दिल्या. त्यांनी त्या चक्क पाण्यात धुतल्या. दोन पट्ट्यांवरचं चित्रच पाण्याबरोबर गेलं. त्या रात्री घास उतरला नाही.

मग एका जाणत्या मित्राने समजावलं. फिल्मवर चित्र धरून ठेवणारा थर जिलेटिनचा. बुरशी तोच खाते, आणि पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. म्हणून पाणी अजिबात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणायचं, मऊ फडक्याला थोडंसं लावायचं, चकचकीत बाजू आधी, मग चित्राची बाजू, दाब न देता. खाल्लेलं परत येत नाही, हे मनाला पटवायलाच मला आठवडा लागला. पुसलेली पट्टी खालून उजेड देणाऱ्या लाइटबॉक्सवर ठेवून, अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सने टिपायची आणि कॉम्प्युटरवर निगेटिव्हचं पॉझिटिव्ह करायचं. आता पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

एका रात्री स्क्रीनवर 1988 चा पंढरपूरचा घाट आला. मागून बायको म्हणाली, "अहो, एवढ्याच पायऱ्या होत्या?"

मी गेल्या हिवाळ्यातला, त्याच जागेवरून काढलेला फोटो शेजारी लावला. जुन्यात वाळूच्या वर पाच पायऱ्या. नव्यात नऊ, आणि खाली पायाचे दगडही उघडे. मधली वाळू उपसून नेलेली. मी इतकी वर्षं तिथे उभा राहिलो, पाण्याकडे पाहिलं, पायऱ्यांकडे नाही. कॅमेऱ्याने मात्र पाहिलं होतं.

तेव्हापासून आधी घाटाच्याच पट्ट्या काढतोय. वहीत साल आणि पायऱ्या मांडतोय. काल 1993 ची सापडली. बुरशी आहे, पण पाण्यावर. पायऱ्या शाबूत आहेत. सात.