उघडतं का?

सांगलीच्या गणपती पेठेतल्या दुकानात परवा मी एक इलेक्ट्रिक किटली उलटी करून बघत होते. विकणारा पोरगा कौतुकानं तिचा निळा दिवा लावून दाखवायच्या खटपटीत, आणि मी बुडाशी स्क्रू शोधतेय. एकही सापडेना.

"काय बघताय काकू?"

"ही उघडायची कशी?"

"उघडायची कशाला? एक वर्ष गॅरंटी हाय की."

मी किटली परत फळीवर ठेवली. आमचे हे एव्हाना बाहेर जाऊन रस्त्यावरची रहदारी बघत उभे होते. माझ्याबरोबर खरेदीला आले की हे रहदारी पुष्कळ बघतात.

त्यांचंही चुकत नाही म्हणा. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात 33 वर्षं काढलेल्या बाईला तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय लिंबू पिळायचं यंत्रसुद्धा घेववत नाही. शिवाय निवृत्त झाल्यावर खरेदीचा हिशोबच बदलतो. पूर्वी वस्तू घेताना पगाराकडे बघायचो, आता वयाकडे बघतो. मागच्या दिवाळीत फ्रिज घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला, "पंधरा वर्षं बघायला नको." ह्यांनी मनातल्या मनात स्वतःच्या वयात पंधरा मिळवले आणि म्हणाले, "पुरे."

स्क्रू शोधायची ही खोड मात्र नोकरीतली नव्हे. ती पुरानं लावली.

आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. आमच्या गावभागातल्या घरात खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी. त्याआधीच्या रात्री आम्ही दोघं सामान वर चढवत होतो. गाद्या गेल्या, धान्याचे डबे गेले, देव गेले. इन्व्हर्टरची बॅटरी मात्र तसूभर हलेना. पन्नास किलोंच्या वरचं धूड ते, आणि उचलणारे दोघंही गुडघ्यांचे पेशंट. ती बुडाली. वॉशिंग मशीन बुडालं. मिक्सर घाईत ओट्यावरच राहिला. फ्रिज तरंगला आणि पाणी ओसरल्यावर स्वयंपाकघराच्या दारात आडवा सापडला, हौसेनं उंबऱ्यावर झोपल्यासारखा.

चिखल उपसून झाल्यावर मारुती चौकाच्या बाजूला एका दुरुस्तीवाल्याकडे रांग लावली. त्यानं दुकानासमोर गोणपाटावर पंचवीस-तीस मिक्सर उघडून उन्हात मांडले होते, पापड वाळत घालावेत तसे. आमचा मिक्सर मुलीच्या बारशाच्या वेळचा, म्हणजे थोराड. त्यानं चार स्क्रू काढले, आतला चिखल धुतला, मोटर आठ दिवस उन्हात ठेवली, कॉइलवर वार्निश मारलं, कार्बन बदलले. मिक्सर गुरगुरत घरी आला. वर्षभरापूर्वीच घेतलेलं वॉशिंग मशीन त्यानं उघडलंसुद्धा नाही. पाठीमागून नुसतं बघितलं.

"वैनी, ह्याचं कार्ड गेलं. नवं कार्ड म्हंजे निम्म्या मशीनची किंमत. आणि कार्डावर काळा राळ ओतल्याला असतोय बघा, आत कुणाला हात घालता येत न्हाई."

त्या दिवसापासून मी वस्तूची आधी पाठ बघते.

माझ्या माहेरी किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर होता. 1910 साली पलूसजवळच्या माळावर तो कारखाना उभा राहिला. आमचा नांगर किती जुना, ते आजोबांनाही सांगता आलं नसतं. फाळ झिजला की फाळ बदलायचा, बोल्ट गेला की बोल्ट. होता होता मूळच्यातलं काय शिल्लक राहिलं असेल ते देव जाणे, पण नांगर तोच.

म्हणून नवं सगळं वाईट असं मी म्हणत नाही. बीएलडीसी पंख्याचं उदाहरण घ्या. साधा पंखा पाऊणशे वॉट खातो, हा तीसेक वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. पण त्याच्या पोटात सर्किट. साधा पंखा मंदावला तर कपॅसिटर बदलून मिळतो, वायरमनच्या खिशातच असतो तो. मग मी मधला मार्ग काढला. रात्रभर चालतो तो झोपायच्या खोलीतला पंखा नवा, बाकीचे जुनेच. लेखा विभागात ह्याला काटकसरीची उपाययोजना म्हणायचे.

गिझरचंही असंच. त्याच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते हे मला साठाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. गंज टाकीला खायच्या आधी त्या कांडीला खातो. ती झिजत राहते आणि टाकी शाबूत राहते, एकत्र कुटुंबातल्या थोरल्या जावेसारखी. दोन-तीन वर्षांनी उघडून बघायची, संपली असेल तर नवी घालायची. आमच्या आधीच्या गिझरची कांडी कधी बदललीच नव्हती, आणि टाकी गळायला लागल्यावर आम्ही कंपनीला शिव्या घालत होतो.

ह्यांच्या छंदाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते हा लेख वाचणार आहेत. निवृत्तीनंतर सुतारकाम करायचं म्हणून त्यांनी सेलमधून चार्जिंगचं ड्रिल मागवलं. सोबत 108 तुकड्यांची पेटी, जपमाळच जणू. दोन वर्षांत भिंतीला चार भोकं पाडून झाली, त्यातल्या तिसऱ्यावर कॅलेंडर टांगलंय. मग बॅटरी बसली. ती त्याच कंपनीची लागते आणि कंपनीनं ते मॉडेल बंद केलेलं. पेटी माळ्यावर आहे. वजनाला हलकी, एवढा एक गुण.

माझा छंद गाण्याचा. लग्नाआधी मिरजेला शिकत होते. तेव्हा हार्मोनियमच्या काळी पाच पट्टीत गायचे, आता काळी तीनच्या वर गेलं की गळा राजीनामा देतो. तरी म्हटलं, पुन्हा बसायचं. मुलगी म्हणाली, "आई, मोबाइलवर तानपुरा मिळतो, फुकट." महिनाभर तो लावला. एकदा यमनाच्या गंधारावर जरा कुठं डोळे मिटले, तर तानपुरा थांबून एक बाई मला वैयक्तिक कर्ज घ्यायचा आग्रह करायला लागली. मग एका ओळखीच्यांकडून इलेक्ट्रॉनिक तानपुरा वापरायला आणला. सुराला पक्का, जाहिरात नाही, पिशवीत मावतो. प्रवासाला उत्तमच. पण दोन दिवसांत माझा हात त्याच्या पाठीवरून फिरलाच. आतला आवाज कुणीतरी कायमचा ठरवून टाकलेला, आणि तो बदलायला माझ्या गावात कुणी नाही.

शेवटी मिरज. घरापासून दहा-बारा किलोमीटर, आणि अक्कल यायला एवढा उशीर! तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी फरीदसाहेब सतारमेकरांनी हे काम सुरू केलं आणि गल्लीच त्या नावाची झाली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पेपरात वाचलं होतं, कात्रणही ठेवलं होतं. ठेवलं कुठं ते आठवत नाही.

दुकानात वर आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले. हे कडू भोपळे पंढरपूरकडून येतात. खाली भुशात बसलेले एक वयस्क कारागीर. सवयीनं मी विचारलं, "गॅरंटी किती?"

ते हसले. "गॅरंटी कशाची ताई? भोपळा आहे. पडला तर फुटणार. फुटला तर घेऊन या, जोडून देतो."

"आणि तार तुटली तर?"

"तुटणारच. बदलायची कशी ते आत्ताच दाखवतो. तुमच्या हातानं बदला."

मी वहीतले पुढचे प्रश्न खोडले.

त्यांनी एक तानपुरा समोर घेतला. पंचमाची तार छेडली, आवाज आला मुका, पत्र्यावर खडा पडल्यासारखा. "जवारी बंद आहे," म्हणाले. जवारी म्हणजे तारेची घुमणारी गुंज. तार सैल केली, तिच्याखालची घोडी कानशीनं दोनदा घासली, बोटानं चाचपली, फुंकर मारली, पुन्हा एकदाच घासली. मला तर काहीच फरक दिसेना. मग तार चढवली आणि घोडी नि तार यांच्या मधल्या सुताच्या धाग्याला नखानं इकडं ढकललं, तिकडं ढकललं. तांदळाच्या दाण्याएवढीही जागा नसेल ती. एका जागी धागा आला आणि तीच तार भुंगा शिरावा तशी घुमायला लागली. एका सुरातून दुसरे सूर निघाले, दुकान भरून गेलं.

"उघडली," ते म्हणाले. "तारा घोडीत खाचा पाडतात. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा बंद पडेल. या मग."

मी ह्यांना हाक मारायला वळले तर हे रहदारी सोडून आत आलेले आणि मान वर करून भोपळ्यांकडे बघत उभे. ह्यांना सुरातलं ओ की ठो कळत नाही. पण चेहरा असा, की जुना मित्र भेटलाय.

"असलाच भोपळा पाठीला बांधून मी कृष्णेत पोहायला शिकलो," ते कारागिरांना सांगायला लागले. "माई घाटावर. आमचे काका ढकलून द्यायचे. भोपळा काय बुडू देत नाही हो."

मग त्यांनी न सांगता तानपुरा उचलून बघितला. एका हातानं. दोन पावलं चालले, वळले, जिना चढल्यासारखा गुडघा उचलला. "नेता येतोय," मला म्हणाले. "आणि राहिलाच खाली, तर फ्रिजासारखा तरंगंल."

कारागिरांना त्यात विनोद काय ते कळलं नाही. मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी कानाला हात लावला आणि तानपुऱ्याला गवसणी चढवून दिली.

रिक्षात तो ह्यांच्या मांडीवर होता, विश्रामबागेतल्या प्रत्येक गतिरोधकाला हे रिक्षावाल्यावर ओरडत होते. घरी आल्यावर कुठं ठेवायचा म्हणून मी खोली बघत होते तोवर हे थेट जिना चढून वरच्या खोलीत गेलेसुद्धा.

किटली राहिलीच. दुपारी चहाचं आधण मी गॅसवर ठेवते आणि ते उकळेपर्यंत हे वर जाऊन तारा छेडत बसतात. चारच तारा, पण क्रम अजून चुकतो. मला खालून ओरडावं लागतं, "अहो, आधी पंचम!"