आठ दिवसांत फरक

"ताई, आठ दिवसांत फरक दिसतो. सगळ्या नवऱ्या मुली हेच नेतात." दुकानदाराने गोरेपणाच्या क्रीमची डबी भाचीच्या हातात ठेवली.

मी ती उलटसुलट करून पाहिली. सोनेरी झाकण, गुलाबाचं चित्र. घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही. आम्ही ती परत दिली.

पण तो 'फरक' डोक्यातून जाईना. कारण अशा क्रीममध्ये पारा असेल तर फरक खरंच दिसतो! पारा त्वचेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, तयार होणं रोखतो. आणि मग त्वचेतून शिरून मूत्रपिंडापर्यंत पोचतो. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरमच्या डॉक्टरांना काही रुग्णांच्या मूत्रपिंडाच्या आजारामागे अशीच गोरेपणाची क्रीम सापडली होती.

'नैसर्गिक' लिहिलंय म्हणूनही निर्धास्त होऊ नये. पारंपरिक सुरमा गॅलेना नावाच्या ज्या खनिजापासून करतात ते निसर्गातलंच, पण त्यात शिसं असतं.

भाचीने शेवटी तिच्या सावळ्या रंगाला जुळणारं, सगळे घटक छापलेलं फाउंडेशन घेतलं. हनुवटीखाली लावून, दाराशी उजेडात जाऊन पाहिलं. इतकं सुरेख मिसळलं होतं!

तुमच्या आरशापुढच्या डब्यांवर काय काय छापलंय, वाचलंय कधी?