माणसं दोन, कोयता एक

अकरावीचे प्रवेश उरकले की आर्ट्सच्या वर्गावर आम्ही सगळे विषयवाले पाळीपाळीनं जातो. त्याला विषयपरिचय म्हणतात, पण खरं म्हणजे ती पोरं ओढायची मोहीम असते, कारण विषयाला पोरं कमी पडली की वर्कलोड घटतो अन् वर्कलोड घटला की माणूस सरप्लस, म्हणजे जादा ठरतो. मग कुणी 'आमच्यात मार्क पडतात' म्हणतं, कुणी 'एमपीएससीला हाच लागतो'. लातूरच्या क्लासेसची फी ज्यांना झेपत नाही ती लेकरं इकडं येतात, त्यांना काय जास्त सांगायचं, असं स्टाफरूममध्येच चालतं. मला याचा भयंकर राग येतो.

माझा विषय भूगोल. यंदा म्हटलं मार्काचं बोलायचंच नाही, कुठला विषय काय विचारतो तेवढंच सांगायचं. फळ्यावर लिहिलं, 'एप्रिल २०१६, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी'. भूगोल विचारतो, इथं पाणी का टिकत नाही? एकतर आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, आणि पायाखाली काळा पाषाण, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात पाणी बसतं ते भेगांत नाहीतर वरच्या झिजलेल्या मुरमात, म्हणून बांधाच्या अलीकडं बोअरला पाणी लागतं अन् पलीकडं नुसता फुफाटा उडतो. (इथं पोरं हसली, प्रत्येकाच्या भावकीत असा एक फेल गेलेला बोअर आहेच.) अर्थशास्त्र विचारतं, पाणी नाही तर ऊस का लावता? मागून एकजण म्हणला, "सर, सोयाबीन हमीभावानं घेतंय कोण, उसाला एफआरपी तरी असती." (एफआरपी म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा, सरकारनं ठरवलेला किमान दर.) राज्यशास्त्र विचारतं, वरच्या धरणांतून जायकवाडीत किती सोडायचं ते कोण ठरवतं. इतिहास विचारतो, आधीपासून असंच होतं का, अन् कशावरून म्हणता?

वर्ग चांगलाच रंगला होता, तेवढ्यात एक पोरगी उठली. तिच्या घरचे दरसाल ऊसतोडीला जातात, मुकादमाकडून, म्हणजे मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेऊन.

"सर, मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी. बाप तोडतो, माय मोळ्या बांधती, डोक्यावर नेऊन ट्रकात भरती. माणसं दोन राबायलेत अन् मोजायलेत एकच, पैसे बापाच्या हातात. हे कुठल्या विषयात इचारायचं?"

मी म्हणालो, स्थलांतर आमच्या भूगोलात येतं. तर म्हणते, "कुठं जातेत ते माहीताय सर, मी जाऊन आले. मोजत का नाहीत ते इचारायले."

स्टाफरूममध्ये हे सांगितलं. अर्थशास्त्राचे सर लगेच, श्रमाचं एकक, आमचाच विषय, तिला आमच्याकडं पाठवा. इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या, ही मोजायची पद्धत कधी पडली ते आधी शोधा. राज्यशास्त्रवाले म्हणाले, मुळात मालक कोण, कारखाना का मुकादम? तिघांचेही प्रश्न खरे, पण ज्याला त्याला आपलाच पुढं करायचा होता, पोरीचा कुणीच घेतला नाही. मला तो समाजशास्त्राचा वाटतो. तो विषय आमच्याकडं कागदावर आहे, जागा कधीची रिक्त, तासिका तत्त्वावरचे सर येतील तेव्हा येतील.

तरी मी तिला समाजशास्त्र घे म्हणालो. तिनं भूगोल घेतला, म्हणे तुम्ही रोज येता तरी.

आता स्थलांतराच्या धड्याला कोयत्याचा अख्खा हिशोब फळ्यावर मांडायचा, उचल, टनाचा दर, कापून घेतलेले पैसे, सगळं. तिलाच मांडायला लावणार आहे. अर्थशास्त्राच्या सरांनाही या म्हटलंय, ते म्हणतात पोर्शन कोण संपवणार.