यादीत नसलेलं तेल

इतिहासात जर-तर करायला बसलं की बहुतेक जण आधी हिटलरलाच गायब करतात. तसं केलं की आत्याबाईला मिशा फुटल्याच म्हणायच्या! पथ्य एकच पाळावं : माणसं तीच, त्यांचे स्वभाव तेच, आणि बदल असा, की त्या वेळी त्यावर खरोखर खल चालला होता.

माझा आवडता बदल १९३५ सालचा. इटलीने ३ ऑक्टोबरला इथिओपियावर चढाई केली आणि १८ नोव्हेंबरपासून राष्ट्रसंघाचे (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना) निर्बंध लागू झाले. इटलीला विकायला बंदी असलेल्या मालाची यादी वाचण्यासारखी आहे. रबर, कथील, निकेल. घोडे, गाढवं, खेचरं आणि चक्क उंट! अ‍ॅल्युमिनियमसुद्धा, जे इटलीत मुबलक तयार होत होतं. भंगार लोखंड यादीत, पोलाद बाहेर. कोळसा बाहेर. तेलही बाहेर.

समजा, डिसेंबरात तेल यादीत आलं असतं. वेळ तर नेमकी होती. इटलीची आगेकूच मंदावली होती, सेनापती दे बोनोला बदलून बादोल्योला धाडलं होतं. रणगाडे, लॉऱ्या, विमानं, सगळी तेलावर. रुमानिया आणि सोव्हिएत रशिया हे मोठे पुरवठादार सभासदच होते.

घोडं अडतं ते अमेरिकेपाशी. ती राष्ट्रसंघात नव्हती आणि तिथून इटलीला जाणारं तेल त्याच महिन्यांत वाढत होतं. म्हणजे बंदी गळकी. तेल तोडलं असतं तर आठवड्याभरात माघार घ्यावी लागली असती, असं मुसोलिनी पुढे हिटलरला म्हणाला, ही दुभाष्या श्मिटची आठवण. पण जिंकल्यावरचं बोलणं ते, निम्मंच धरावं.

सुएझ बंद करणं जास्त खात्रीचं होतं, कारण इटलीच्या ताब्यातल्या एरिट्रियातल्या मसावा बंदरात जाणारी रसद तिथूनच जायची. पण १८८८ च्या करारानुसार कालवा युद्धातही खुला ठेवायचा होता. इटलीची सैन्याची जहाजं रीतसर जकात भरून जात राहिली.

तरी धरू, की मुसोलिनी अडकला. मग ७ मार्च १९३६ ला हिटलर ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे जर्मनीच्या सैन्यबंदी असलेल्या पश्चिम पट्ट्यात, शिरला असता का? ही बंदी आणि जर्मनीच्या पश्चिम सीमा यांची हमी देणाऱ्या लोकार्नो कराराच्या हमीदारांत इटलीही होती. ती ब्रिटन-फ्रान्सवर रुसलेली नसती, तर त्याने कदाचित एखादा हंगाम कळ काढली असती. त्यापुढे मला जाववत नाही. जर्मन सैन्याचा आकडा फुगवून मोजणारे फ्रेंच सेनापती तेव्हाही तेच असते.