पूर्वी कुठे होता एवढा कॅन्सर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कॅन्सरच्या रुग्णांची आकडेवारी सांभाळते म्हटलं, की लग्नकार्य असो की लोकल, हाच प्रश्न येतो: "आमच्या आजोबांच्या वेळी कुठे होता हो एवढा कॅन्सर?"

होता. पण त्याची पाळी येण्याआधीच माणसं जात होती. देवी, पटकी, क्षय, बाळंतपण. स्वातंत्र्याच्या सुमारास आपलं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं, आज ते 70 आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर तर बहुतेकांना साठीनंतरच गाठतो. तंबाखू, बदललेली राहणी ही कारणं खरी आहेतच, ती मी नाकारत नाही.

माणूस मरतो एकदाच, आणि एका कारणाने गेला की बाकीच्यांना तो सापडत नाही. डॅनियल बर्नुली या स्विस गणितज्ञाने 1760 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हाच हिशेब मांडला होता. देवीचा रोग पार नाहीसा झाला तर जन्मवेळचं सरासरी आयुष्य किती वाढेल? 26 वर्षं 7 महिन्यांवरून 29 वर्षं 9 महिने. एवढंच, कारण देवीतून वाचलेल्या पोरावर बाकीचे रोग टपलेलेच होते.

आजही इथे चूक होते, आणि ती मला फार लागते. समजा, 100 वयस्क रुग्ण आहेत. पहिल्या वर्षी 50 जण हृदयविकाराने गेले. उरलेल्या 50 पैकी 10 दुसऱ्या वर्षी कॅन्सरने. हृदयविकाराने गेलेल्यांना 'पत्ता लागत नाही' अशांच्या रांगेत बसवलं, तर कापलान-मायर पद्धतीने (रुग्ण किती काळ जगतात, याचा अंदाज काढायची ही रीत) कॅन्सरने मरण्याचा धोका 20 टक्के निघतो. प्रत्यक्षात गेले 100 पैकी 10. त्या दुपटीच्या आकड्याला घाबरून अठ्ठ्याहत्तरीचा माणूस ऑपरेशनच्या टेबलावर चढू शकतो.

म्हणून आमच्या तक्त्यात तीन खुणा असतात: 0 जिवंत, 1 कॅन्सरने मृत्यू, 2 दुसऱ्या कारणाने. मध्यंतरी चौकशीसाठी एका घरी फोन केला. सूनबाई म्हणाल्या, "बाबा गेले हो. झोपेतच. सकाळी मी चहा घेऊन गेले, तेव्हा कळलं." मी 2 लिहिला. त्या जरा थांबल्या. "ऑपरेशन नको असं त्यांनीच सांगितलं होतं. आमचं काही चुकलं का?"

निदानानंतर ते साडेपाच वर्षं घरी राहिले, आणि कॅन्सरची पाळी आलीच नाही. मी सूनबाईंना तसंच सांगितलं.