आमच्या प्लॉटचा नंबर

२०१० चा द्राक्ष हंगाम आठवला की अजून पोटात गोळा येतो. निफाड तालुक्यातल्या आमच्या दोन एकर थॉमसन जातीच्या द्राक्षांचा माल युरोपला गेला होता. गोडी उत्तम, मणी १८ मिलिमीटरच्या वर. फक्त पैसे यायचे राहिले होते. तेवढ्यात बातमी आली की तिकडे भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड हे वाढ रोखणारं औषध सापडलंय आणि कंटेनर अडकलेत.

आम्ही त्याला सीसीसी म्हणतो. एप्रिल छाटणीनंतर शेंडा थांबावा, काडीत घड तयार व्हावा म्हणून ते मारायची पद्धतच होती. निर्यातीच्या तपासणी यादीत ते तेव्हा नव्हतंच, म्हणून आमचा रिपोर्टही क्लीन आला होता. युरोपची मर्यादा तेव्हा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे २० टन द्राक्षांत १ ग्रॅम!

निर्यातदाराने ठरलेला भाव दिलाच नाही, वर कोल्ड स्टोरेजचा खर्चही आमच्याच हिशेबात धरला. बागेत उरलेला माल लोकल व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने द्यावा लागला. सोसायटीचं कर्ज फेडायला पुढचे तीन हंगाम गेले. ज्यांनी सीसीसीला हातही लावला नव्हता, तेही आमच्यासोबत भरडले गेले, याचं मला जास्त वाईट वाटतं. मणी तोंडात टाकला की गोडी कळते, रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, कळत नाही. मग विकत घेणारा माल कुठल्या शेतकऱ्याचा ते बघत नाही, कुठल्या देशाचा ते बघतो.

अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेचं ग्रेपनेट, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी नोंदणी, २००६ पासून होतं, पण त्याचा अर्थ मला त्या वर्षी कळला. प्रत्येक प्लॉटची नोंदणी, त्याला नंबर, सॅम्पल घ्यायला लॅबचा माणूस स्वतः बागेत. पेटीवरच्या नंबरावरून तिकडचा माणूस थेट आमच्या बांधापर्यंत पोहोचू शकतो. पुढे सीसीसीही तपासणीच्या यादीत आलं.

आता काढणीला मी स्वतः उभी असते. घड देठालाच धरायचा, मण्यावरच्या पांढऱ्या मेणासारख्या लवेला बोट लागता कामा नये. एक मणी जरी चिरलेला दिसला तरी कात्रीने काढायचा, नाहीतर वाटेत अख्खा पनेट, म्हणजे द्राक्षांचा छोटा डबा, सडतो.

काही वर्षांपूर्वी आम्हाला ऑर्डरीला पाच क्विंटल माल कमी पडत होता. शेजारचे भाऊ आले. त्यांच्या प्लॉटची नोंदणी नव्हती.

“वहिनी, माझा घाला तुमच्या नंबरवर. कुणाला कळतंय?”

“कुणालाच कळणार नाही भाऊ. म्हणून तर नको.”

अण्णा, माझे सासरे, ओट्यावर बसून ऐकत होते. ते काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी पाच क्विंटल कमी भरून गाडी गेली, तेव्हा ताडपत्रीची दोरी त्यांनीच बांधली. भाऊंनी पुढची दोन वर्षं आमच्या घरचा चहा घेतला नाही.